महिन्याचा हप्ता, सुगीची कमाई

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत एखाद्या मोबाइलच्या दुकानासमोर उभं राहा. फोनची किंमत बारीक अक्षरात असते आणि तिच्या वर ठळक अक्षरात दुसराच आकडा असतो: 'फक्त १,९९९ रुपये महिना'. दुचाकीच्या शोरूममध्ये तर किंमत विचारणारं गिऱ्हाईक आता जुन्या वळणाचं समजतात. "मामा, किमतीचं सोडा, डाउन पेमेंट किती करता ते सांगा. हप्ता मी बसवून देतो," काउंटरवरचं पोरगं म्हणतं. मामा विचारतात, "कितीचा बसायलाय?" सव्वातीन हजाराच्या आसपास. "बसंल की," मामा म्हणतात आणि आधार कार्ड काढतात.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, हे आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे. तरी गावोगाव हप्ते थकलेत. माझ्या मते उपदेश भरपूर झालाय, हिशोब मात्र कुणी नीट समजावून सांगितलेला नाही. त्यात एक अडचण खास आपल्या भागाची. हप्ता दर महिन्याला येतो आणि मराठवाड्यात बहुतेकांची कमाई दर महिन्याला येत नाही. पुढचा सगळा लेख या दोन वाक्यांभोवतीच आहे.

फ्लॅट ११ टक्के म्हणजे किती?

मामांची गाडीच घेऊ. आकडे हिशोबाला सोपे धरलेत. ऑन रोड किंमत १ लाख १० हजार. डाउन पेमेंट २० हजार. उरलेल्या ९० हजारांचं कर्ज, मुदत ३ वर्षं, व्याज 'फक्त ११ टक्के'. या ११ च्या आधी 'फ्लॅट' असा एक शब्द असतो. तो एक तर पुटपुटला जातो, नाही तर राहूनच जातो.

फ्लॅट म्हणजे पहिल्या दिवशी घेतलेल्या पूर्ण रकमेवर पूर्ण मुदतीचं व्याज. ९० हजारांवर ११ टक्क्यांनी वर्षाचे होतात ९,९००, तीन वर्षांचे २९,७००. मुद्दल धरून १,१९,७००. त्याला ३६ नं भागलं की हप्ता ३,३२५.

यात गोम अशी की वर्षभर हप्ते भरल्यावर तुमच्याकडं कंपनीचे ९० हजार राहिलेलेच नसतात. दोन वर्षांनी तर बरंचसं मुद्दल परत गेलेलं असतं. तरी व्याजाचा मीटर ९० हजारांवरच चालू असतो. अगदी शेवटच्या महिन्यात तुमच्याकडं त्यांचे जेमतेम तीन हजार उरलेले असतात आणि त्या महिन्याचं व्याज धरलेलं असतं ८२५ रुपये, म्हणजे पुन्हा पूर्ण ९० हजारांवरच.

बँक घरासाठी कर्ज देते तेव्हा व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं. त्याला रिड्यूसिंग म्हणतात. तेच ९० हजार, तीच ३ वर्षं आणि तोच ११ चा आकडा रिड्यूसिंगनं धरला तर हप्ता साधारण २,९४६ येतो आणि एकूण व्याज १६ हजारांच्या आसपास. फ्लॅटमध्ये ते जवळपास तीस हजार होतं. उलटा हिशोब केला तर फ्लॅट ११ म्हणजे रिड्यूसिंगच्या भाषेत साडेएकोणीस टक्क्यांच्या थोडं वरच. तोंडी हिशोबाला एक ठोकताळा पुरतो. तीनेक वर्षांच्या कर्जाला फ्लॅटचा आकडा पावणेदोननं गुणायचा. दहा सांगितला तर अठराच्या जवळ, चौदा सांगितला तर चोवीस-पंचवीस. प्रोसेसिंग फी, फाइल चार्ज, विमा हे त्याच्यावर वेगळं.

हाच आकडा सोयाबीनमध्ये मोजून बघा, जास्त बोचतो. क्विंटलला ४,२०० रुपये भाव धरला तर २९,७०० म्हणजे सात क्विंटल. कोरडवाहू रानात एकरी सात क्विंटल पडलं तर आपण बरं पिकलं म्हणतो. म्हणजे एका एकराचं अख्खं पीक नुसत्या व्याजाला गेलं. बियाणं, खत, फवारणी, काढणी यातलं काहीच वजा न करता.

हे सगळं कागदावर मागायचा आता अधिकार आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं अशा कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' सक्तीचं केलं आहे. दोन-तीन पानांचा कागद असतो. त्यात फी, चार्जेस सगळं मिळवून वर्षाचा खरा दर 'एपीआर' या नावाखाली लिहावा लागतो, आणि तो कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो. म्हणजे मराठीत मागता येतो. सही करायच्या आधी या कागदावरचा एपीआर तेवढा बघितला तरी फ्लॅटची सगळी जादू उतरते. मात्र काउंटरवर तो आपणहून कुणी पुढं करील, याची वाट बघू नका.

एप्रिल ते सप्टेंबर

वाळूजच्या कंपनीत कायम असलेल्या कामगाराचा पगार सात तारखेला खात्यात पडतो आणि दहा तारखेला हप्ता कापला जातो. त्याला ते कळतही नाही. हप्ता ही चीज घडवली गेली ती या माणसासाठी. महिन्याला ठरलेलं येणं, त्यातून महिन्याला ठरलेलं देणं.

आता औशाचा किंवा कळंबचा पाच एकरवाला घ्या. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, पैसा दिवाळीच्या आगेमागे हातात येतो. तूर जानेवारी-फेब्रुवारीत. कापूस असला तर वेचणी होईल तसा. त्यानंतर मार्चपासून पुढच्या सुगीपर्यंत येणं जवळपास शून्य. खर्च मात्र याच दिवसांत दाटीनं येतात. लग्नसराई याच काळात, जूनमध्ये पेरणी, जूनमध्येच लेकरांच्या फिया. कंपनीच्या संगणकाला हे काही माहीत नसतं. तो एप्रिलच्या दहा तारखेलाही ३,३२५ मागतो आणि ऑगस्टच्या दहा तारखेलाही.

मग मामा काय करतात? एप्रिल ते सप्टेंबरचे सहा हप्ते बाहेरून उचलून भरतात. थोडे हातउसने, थोडे सावकाराकडून शेकडा पाचनं, म्हणजे महिन्याला पाच टक्के. सगळेच सावकाराकडून घेतले असं धरू. एप्रिलच्या हप्त्याला सहा महिन्यांचं व्याज, मेच्या हप्त्याला पाच, असं करत सप्टेंबरच्या हप्त्याला एका महिन्याचं. एकूण वर्षाला साडेतीन हजार, तीन वर्षांत दहा हजारांच्या वर. म्हणजे गाडीवर फायनान्सचं व्याज पावणेतीस हजार आणि त्या व्याजाचे हप्ते फेडायला काढलेल्या पैशावर आणखी दहा. हे दहा हजार कुठल्याच कागदावर दिसत नाहीत, एपीआरमध्येही नाही. त्यामुळं 'गाडीनं बुडवलं' असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, 'यंदा काही शिलकीत पडलं नाही बघा.'

हप्ता ठरलेला, भाव मात्र बेभरवशाचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीननं क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला होता. त्या वर्षीच्या दिवाळीत कितीतरी घरांपुढं नव्या गाड्या उभ्या राहिल्या. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि आडतीत बरंच सोयाबीन त्याच्याही खाली गेलं. दहा हजारांच्या भावात 'बसलेला' हप्ता चार हजारांच्या भावात भरायचा म्हणजे तोच हप्ता अडीच पट झाला. आणि सप्टेंबर २०२५ सारखी अतिवृष्टी झाली की भाव विचारायलाही माल उरत नाही. वर जी अंथरुणाची म्हण आली ती पगारदाराची आहे, असं मला नेहमी वाटतं. आमचं अंथरूण दरवर्षी पावसानुसार कमी-जास्त होतं.

हप्ता चुकला की दंड दोन्हीकडून लागतो. बँक चेक किंवा मॅन्डेट (खात्यातून हप्ता कापायला दिलेली आगाऊ परवानगी) परत गेल्याचा लावते आणि कर्ज देणारी कंपनी उशिराचा लावते. पूर्वी या दंडावरही व्याज चढत जायचं. आता १ एप्रिल २०२४ पासूनच्या कर्जांना तसं करता येत नाही, दंड हा दंड म्हणूनच घ्यावा लागतो, त्याच्यावर पुन्हा व्याज नाही. ही एक बरी गोष्ट झाली.

पण खरा मार बसतो तो सिबिलवर. हा ३०० ते ९०० मधला एक आकडा असतो, तुम्ही आजवर कर्ज कसं फेडलं त्यावरून काढलेला. दर उन्हाळ्यात दोन-तीन हप्ते लांबले की तो खाली येतो. त्याचा चटका जूनमध्ये बसतो, पीक कर्जाला गेल्यावर. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून शेतकऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं. आपल्या भागात मिळू शकणारं सगळ्यात स्वस्त कर्ज ते हेच. पीक कर्जाला सिबिलची अट लावू नका, असं राज्य सरकारनं बँकांना वारंवार बजावलं आहे. तरी शाखेत गेल्यावर काय ऐकायला मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. साडेएकोणीस टक्क्यांच्या कर्जाचा हप्ता लांबला म्हणून शून्य टक्क्याचं कर्ज हातचं जायचं आणि मग पेरणीला पुन्हा शेकडा पाचचा सावकार. या चक्रात शिरताना कुणालाही आपण उधळपट्टी करतोय असं वाटत नाही. कारण ती कुणी केलेलीही नसते.

इथं एक बोलून टाकतो. शेवटची एसटी सहाला निघून जाणाऱ्या गावात दुचाकीला चैन म्हणणाऱ्यांनी आठवडाभर त्या गावात राहून बघावं. दवाखान्यात रात्री न्यायचं कसं, दूध डेअरीला घालायचं कसं? गाडी लागतेच. भांडण गाडीशी नाही, ती ज्या अटींवर गळ्यात पडते त्या अटींशी आहे.

उचल

आधी वापरा, मग फेडा, ही युक्ती मोबाइल ॲपवाल्यांनी शोधली असं वाटत असेल तर बीड जिल्ह्यात येऊन बघा. ऊसतोडीला जाणारं जोडपं, म्हणजे एक कोयता, दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घेतं. ती लग्नाला जाते, दवाखान्याला जाते, जुनं देणं फेडायला जाते. मग पाच-सहा महिने कारखान्यावर ऊस तोडून ती फेडायची.

या उचलीचा हिशोब हप्त्यापेक्षा स्वच्छ असतो, म्हणून इथं मांडतो. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक लाख उचल असेल तर ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडप्यानं दिवसाला दोन टन तोडले असं धरलं तर १३७ दिवस. खाडे, आजारपण, गाडीची वाट बघणं हे सोडून. म्हणजे जवळजवळ पूर्ण हंगाम उचल फेडण्यातच जातो, आणि नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर. त्यामुळं लाखाची उचल म्हणजे किती, हे त्या बाईला तोंडपाठ असतं. दोघांचे १३७ दिवस. फोनचा १,९९९ चा हप्ता आपल्या किती दिवसांचा आहे, हे आपल्यापैकी किती जण मोजतात?

कार्ड, 'नो कॉस्ट' आणि गटाचं लोन

क्रेडिट कार्ड खेड्यात अजून फारसं नाही, पण संभाजीनगर, लातूर, नांदेडात नोकरदार पोरांच्या पाकिटात दोन-दोन असतात. पूर्ण बिल वेळेत भरलं तर कार्ड फुकटात पंचेचाळीस-पन्नास दिवसांची उधारी देतं. चांगलं आहे. फसगत होते ती 'मिनिमम ड्यू' या ओळीत. समजा बिल ५० हजार, मिनिमम ५ टक्के म्हणजे अडीच हजार. भरले, फोन यायचे थांबले, बरं वाटलं. पण महिन्याला साडेतीन टक्के दर धरला तर त्या महिन्याचं व्याज १,७५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. म्हणजे २,५०० भरले त्यातले ५० हजारांतून वजा झाले फक्त ४३५. शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला ते पन्नास दिवस मिळत नाहीत, किराणा घेतला त्या दिवसापासून व्याज सुरू. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला ४२. आपण सावकाराला नावं ठेवतो, पण हाही काही फार लांब नाही.

'नो कॉस्ट ईएमआय'चं थोडक्यात. शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, असं रिझर्व्ह बँकेनंच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना सुनावलं होतं. त्यानंतर योजनेचं रूप पालटलं. कंपनी व्याजाइतकी सूट देते, बँक तेवढंच व्याज लावते, बेरीज शून्य दिसते. रोखीनं घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती तुम्ही या व्याजात घातलेली असते, एवढंच. दुकानात एक प्रश्न विचारा, "रोख दिले तर कितीला द्याल?" दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या 'नो कॉस्ट'ची कॉस्ट.

गटाच्या लोनवर मात्र थांबायला हवं, कारण मराठवाड्याच्या वस्त्यांवर त्याचं जाळं दाट आहे. मायक्रोफायनान्स कंपन्या बायकांचे गट करून विनातारण कर्ज देतात. दर साधारण वर्षाला बावीस ते सव्वीस टक्के. सावकारापेक्षा हे नक्कीच बरं, आणि या पैशावर शिलाई मशीन, शेळ्या, किराणा दुकान उभं केलेल्या बायकाही आहेत. पण बरीच कर्जं बाईच्या नावावर निघतात आणि खर्च घरातला दुसराच कुणी करतो. डाउन पेमेंटचे ते वीस हजार कुठून आले, हे एकदा मामींना विचारून बघा. मग एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज आणि तिचा भरायला तिसरीचं.

२०१० मध्ये आंध्र प्रदेशात याच प्रकारानं मोठं संकट आलं होतं. त्यानंतर नियम घट्ट होत गेले. १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम सांगतात की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं असं विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन नाही. दमदाटी, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास हे सगळं बंद. कागदावर नियम चांगला आहे. फक्त 'महिन्याचं उत्पन्न' हा रकाना सांगोवांगी भरला जातो. आणि सुगीवर जगणाऱ्या घराचं 'महिन्याचं' उत्पन्न तरी कसं सांगायचं? वर्षाचं भागिले बारा. पुन्हा तेच.

गावातला बचत गट आणि हे गटाचं लोन यात गल्लत करू नका. 'उमेद' किंवा 'माविम' या सरकारी संस्थांच्या बचत गटातही आपसात शेकडा दोननं कर्ज देतात, म्हणजे वर्षाला चोवीस टक्केच झाले. पण ते व्याज गटाच्याच खात्यात जमा होतं, वर्षअखेरीला त्याच बायकांचं असतं. शिवाय सोयाबीन निघेपर्यंत थांबा म्हणायला समोर बसलेली आपलीच माणसं असतात.

मोबाइलवरची झटपट कर्जाची ॲप? कर्ज थेट तुमच्या बँक खात्यात आलं पाहिजे आणि ॲपनं फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो मागता कामा नयेत, असा नियम आहे. मागत असेल तर ते ॲप काढून टाका. यापेक्षा जास्त जागा मी त्यांना देणार नाही.

मर्सिडीज आणि मांडव

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी मिळून एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या. सगळ्या मिळून ६५ कोटींच्या आसपास. देशभर बातम्या झाल्या, शहराची कॉलर ताठ झाली. त्यातला कमी बोलला गेलेला भाग असा की त्यातल्या बऱ्याच रकमेला सरकारी बँकेनं सुमारे ७ टक्क्यांनी कर्ज दिलं होतं. ट्रॅक्टरचं कर्ज त्या काळात १२ टक्क्यांच्या घरात होतं. ज्याच्याकडून पैसा परत येण्याची खात्री जास्त, त्याला दर कमी, असं बँकवाले सांगतात आणि धंद्याच्या हिशोबानं ते बरोबर आहे. पण त्याचा अर्थ असा की ज्याचं कर्जाशिवाय भागतं त्याला ते ७ टक्क्यांनी मिळतं, आणि ज्याचं भागत नाही त्याला साडेएकोणीस, बेचाळीस, नाही तर साठ टक्क्यांनी. दोघांनी सारखीच हौस केली तरी गरिबाच्या हौसेवर व्याजाचा दर जवळपास तिप्पट किंवा त्याहूनही जास्त पडतो.

हौस कुठं ऐपतीबाहेर जाते असं विचारलंत तर मी गाडी-फोनच्या आधी लग्नाकडं बोट दाखवीन. बस्ता, सोनं, मंगल कार्यालय, केटरिंग, डीजे, आता प्री-वेडिंग शूटिंग, आणि नाव न घेता दिला जाणारा हुंडा. गाडी निदान दहा वर्षं पळते, विकली तर काही तरी येतं. मांडवाचं कर्ज दुसऱ्या दिवशीपासून निव्वळ देणं असतं. शिवाय हा खर्च एकट्याला कमी करता येत नाही, ही त्यातली खरी मेख. भावकीत मागच्या वर्षी दोन हजार पानं उठली असतील तर आपल्या पोरीच्या लग्नात पाचशेच उठली हे सोयरे लक्षात ठेवतात. म्हणून बाप पीक कर्ज लग्नात घालतो, आणि कर्जमाफी होईल या आशेवर ते थकवतो. २०१७ मध्ये दीड लाखाची आणि २०१९ मध्ये दोन लाखांची माफी झालेली असल्यामुळं ही आशा अगदी बिनबुडाची आहे असं म्हणता येत नाही. पण माफी फार तर पीक कर्जाची होते. मायक्रोफायनान्सची, गाडीची, सावकाराची होत नाही.

अडकल्यावर काय करायचं

आधी एक कागद घ्या आणि सगळी देणी वर्षाच्या दरानं लिहा. सावकाराचं शेकडा पाच म्हणजे ६०. कार्ड ४२ च्या आसपास. गटाचं लोन २४. गाडी साडेएकोणीस. सोनेतारण जागेनुसार ९ पासून २४ पर्यंत. पीक कर्ज वेळेत फेडलं तर शून्य. हातात आलेला जादा रुपया सगळ्यात वरच्या दराच्या देण्याला घालायचा, पण पीक कर्जाची तारीख मात्र चुकू द्यायची नाही, कारण ती चुकली की शून्याचं शून्य राहत नाही. माणसं सहसा उलटं करतात. ज्याचे फोन जास्त येतात त्याला आधी देतात.

घरात सोनं पडून असेल आणि डोक्यावर सावकार असेल तर बँकेत सोनं ठेवून सावकार मोकळा करणं हा शुद्ध फायद्याचा व्यवहार आहे, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. सोनेतारणात आणखी एक सोय असते. बऱ्याच बँका वर्षाअखेर एकदम व्याज-मुद्दल भरायची सवलत देतात. सुगीच्या माणसाला ही मुदत जुळते.

सावकार बिनपरवाना असेल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा तुमच्या बाजूनं आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून दिलं असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं अर्ज करून जमीन परत मिळू शकते, तशा परत मिळालेल्या आहेत. मुदतीचं बंधन असतं, म्हणून 'बघू पुढच्या वर्षी' करू नका.

बँक किंवा फायनान्स कंपनी ऐकत नसेल तर आधी त्यांच्याकडं लेखी तक्रार द्यायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, फुकट. माहितीचा नंबर १४४४८. आणि वसुलीच्या फोननं घरातलं कुणी जेवेनासं, बोलेनासं झालं असेल तर हे सगळे कागद बाजूला ठेवा आणि १४४१६ ला लावा. मनावरच्या ताणासाठी असलेली टेलिमानसची ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

एजंट म्हणतो, "सेटलमेंट करून टाका, अर्ध्यात मिटवू." मिटतं, पण सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा वर्षानुवर्षं राहतो. पूर्ण फेडलं की 'क्लोज्ड' येतो. दोन्हीतला फरक पुढच्या कर्जाला कळतो. गाडीचं कर्ज फिटल्यावर एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, घ्यायची आणि आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा. हे राहून जातं आणि गाडी विकताना आठवतं. कर्जफेडीची अशी नोंद ठेवणाऱ्या सिबिल धरून चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो. तो काढून बघा. आपल्या नावावर आपण न काढलेलं गटाचं लोन निघाल्याची उदाहरणं आहेत.

राहिला प्रश्न नवीन कर्ज घेताना काय मागायचं याचा. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ता मिळतो, दिवाळीनंतर एक आणि उन्हाळ्याच्या तोंडाला एक. बँकांना शेतीची कमाई कधी येते हे चांगलं माहीत आहे, हाच याचा पुरावा. दुचाकीलाही काही ठिकाणी सुगीच्या हिशोबानं सहामाही हप्ता बसवून देतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तेव्हा मामांनी शोरूममध्ये तीन गोष्टी विचाराव्यात. रोखीनं कितीला, एपीआर किती, आणि सहामाही हप्ता करता का. पहिल्या प्रश्नाला पोरगं हसेल. दुसऱ्याला आत जाऊन मॅनेजरला बोलावून आणील. तिसऱ्याला म्हणेल, "मामा, सिस्टीममध्ये तसं नसतं." मग शेजारच्या शोरूममध्ये जाऊन तेच तीन प्रश्न पुन्हा विचारायचे.